अक्का, त्या कागदावरचं अक्षर माझं आहे

अक्का,

तुझ्या तेराव्याची पंगत उठली आणि पाहुण्यांनी सवयीप्रमाणं मला मधे बसवलं. आपल्याकडं लग्न असो की माती, शेवटी बापूला मधे बसवायचंच. कुणीतरी म्हणालं, अक्काची एखादी होऊन जाऊ द्या. मी घसा खाकरला आणि तू सरपंचीणबाईंचं करडू अंगणवाडीच्या काट्याला टांगलं होतंस, ती सुरू केली. बाळांच्या झोळीत करडू बसलंय, चारी पाय बाहेर लोंबतायत, आणि तू काट्याकडं बघून गंभीरपणे सांगतेयस की वयाच्या मानानं वजन बरं आहे, पण आईचं दूध चालू ठेवा. माणसं हसायच्या तयारीत बसली होती. आणि मी मधेच थांबलो. पुढचं आठवेना.

लोकांना वाटलं, कंठ दाटला. बायकांनी डोळ्याला पदर लावले. तुझी भावजय सुमनसुद्धा फसली, तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तुला म्हणून सांगतो, कंठबिंठ काही दाटला नव्हता. मांडवाच्या कापडाच्या फटीतून मला रस्त्यावर पांढरी जीप उभी दिसली होती. नंतर कळलं, ती आचाऱ्याची जीप. पातेली न्यायला आलेली. तुझा बावन्न वर्षांचा भाऊ आचाऱ्याच्या पातेल्यांना भ्याला. तू असतीस तर हे वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं असतंस.

पण तू असतीस तर मी भ्यालोच नसतो. तू असताना भ्यायचं काम माझ्याकडं असायचं आणि उभं राहायचं तुझ्याकडं. वाटणी जुनी आहे.

तुझ्या दहाव्याच्या आदल्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला. तुझ्या जावयानं, महेशनं, बीडच्या कौटुंबिक न्यायालयात नवा अर्ज टाकलाय. मी शाळेच्या ऑफिसात होतो, वकीलबाईंनी तो मला फोनवरच वाचून दाखवला. अर्ज असा: मुलीची आजी वारली. मुलीची आई तलवाड्यात शिलाईच्या दुकानात दिवसभर कामाला जाते. घरी मुलीकडे लक्ष द्यायला कोणी नाही. सबब मुलीचा ताबा वडिलांकडे देण्यात यावा.

ज्यानं आरूला, स्वतःच्या पोरीला, दोन दिवस कुलपात ठेवलं, त्याला आता काळजी पडलीय की आरूकडं लक्ष द्यायला कोणी नाही. आणि अक्का, यातली भीतीची गोष्ट ही की अर्जातलं एकही वाक्य खोटं नाही. तू खरंच नाहीस.

वकीलबाई म्हणाल्या, अक्कांचं शपथपत्र आहे, पण उलटतपास व्हायच्या आत त्या गेल्या, आता त्या सांगण्याला पहिला जोर राहणार नाही. मग म्हणाल्या, त्या दिवशी खिडकीपाशी तुम्हीपण होता ना? मग तुम्हाला साक्षीला उभं राहावं लागेल. मंगळवारी तारीख आहे.

खिडकीपाशी मी होतो, खरंय. पण त्याच्या आधी बैठकीतही मीच होतो. सगळा घोळ तिथं आहे.

तुला ती बैठक आठवतेय, मी काय सांगू. पण मी ती आजवर कुणाला धड सांगितलेली नाही, म्हणून एकदा सांगून घेतो. तीन वर्षांपूर्वी तुझी वर्षा एवढ्याशा आरूला काखेत घेऊन तुझ्या दारात उतरली. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत सुजलेला. न्हाणीत घसरले म्हणाली. तू काही विचारलं नाहीस. हळद गरम केलीस. तुझी ती पद्धतच. पोरीनं आपण होऊन बोलेपर्यंत तू हातानं काम करत राहायचीस.

आठव्या दिवशी महेशकडची माणसं आली. आपल्याकडं असं काही झालं की पोलीस, कोर्ट सगळं नंतर, आधी बैठक. दोन्हीकडची मिळून दहा-बारा जाणती माणसं, अंगणात सतरंजी, चहा, जुन्या सोयरिकीच्या आठवणी, आणि शेवटी मुलगी नांदायला पाठवायची आणि तसा समजुतीचा कागद करायचा. बाँडपेपर येतानाच खिशात आणलेला असतो. म्हणजे काय ठरणार, ते निघतानाच ठरलेलं असतं. बैठक नुसती चहाला.

मला धारूरहून मुद्दाम बोलावलं. एक तर माझं अक्षर. सत्तावीस वर्षं शाळेत दाखले लिहून लिहून ते इतकं गोंडस झालंय की नापास पोरगंसुद्धा त्यात हुशार दिसतं. आणि दुसरं म्हणजे माझं तोंड. त्या दिवशी सगळे गप्प बसलेले. महेश खाली मान घालून. आल्या आल्या माझ्या पाया पडला होता. तुझ्या दिरानं मला कोपरखळी मारली, बापू, जरा वातावरण सैल करा. आणि मी बैलाची गोष्ट काढली.

आपल्या वडलांनी, दादांनी, ढवळ्या बैल विकला, कारण तो औताला चालेना. पुढच्या आठवडी बाजारात दादा दुसरा बैल घ्यायला गेले. व्यापाऱ्यानं ढवळ्याचीच शिंगं तासून, हिंगूळ लावून, गळ्यात गोंडा बांधून त्याला उभा केलेला. दादांनी त्याचे दात बघितले, खूर बघितले, शेपटी पिरगाळली आणि म्हणाले, असा बैल उभ्या जन्मात बघितला न्हाई. घेतला. आणि घरी येताना बैलच पुढं, दादा मागं. कुठं वळायचं ते बैलाला ठाऊक. सरळ गोठ्यात जाऊन आपल्या जुन्या दावणीला उभा राहिला आणि दादांकडं असा बघायला लागला की, कावून इतका उशीर?

सगळी बैठक हसली. मग मी शेवट बांधला. म्हणालो, जनावर असून बैल आपली दावण ओळखून आला, आमची वर्षा तर बारावी शिकलेली हाय.

महेश हसता हसता रुमालानं डोळे पुसत होता. अक्का, मी खोटं बोलत नाही, माझी गोष्ट इतकी मन लावून आजवर कुणी ऐकलेली नाही. मला तो त्या क्षणी लई आवडला.

तू स्वयंपाकघराच्या दारातून एकच बोललीस. "बापू, आधी तिचा हात बघ."

तिचा अजून सुजलेला हात मला उंबऱ्यातच दिसला होता, तरी मी म्हणालो, अगं, भांड्याला भांडं लागतंच. आणि कागद पुढं ओढला. 'किरकोळ गैरसमजातून वाद झाला होता. मारहाणीबाबत कोणतीही तक्रार नाही. मुलगी राजीखुशीने नांदावयास जात आहे.' राजीखुशीतल्या दोन्ही वेलांट्या मी सावकाश काढल्या, मला आठवतंय. वर्षानं उजव्या हातानं सही केली. डावा पदराखाली होता. साक्षीदार म्हणून खाली माझी सही.

मग तू चहा आणलास. त्यात साखर नव्हती. दहा-बारा जाणती माणसं, एकानं तोंड वाकडं केलं नाही, सगळ्यांनी तसाच प्याला. मला वाटलं, तू विसरलीस.

त्यानंतर आपलं भांडण झालं आणि ते संपलंच नाही. मी निघताना तू एसटीच्या फाट्यापर्यंत आलीस. म्हणालीस, बैलाची गोष्ट तू दर वेळेला दावणीपाशीच थांबवतोस. मी म्हणालो, ती तिथंच संपते. तू म्हणालीस, न्हाई संपत.

"सांजच्याला दादांनी त्या बैलाला काय केलं, ते सांग की. आपल्याला फसवलं म्हणून वैरणीच्या दांड्यानं. आन मग आई मधी पडली, तर आईला. ते कावून सांगत न्हाईस?"

मी गाडी आली, गाडी आली करत चढलो. गाडी पाथर्डीची होती. मला जायचं धारूरला. दोन थांबे पुढं जाऊन उतरलो आणि उन्हात तासभर उभा राहिलो. ही माझी अक्कल.

पण तू म्हणालीस ते खरं होतं. त्या संध्याकाळी तू मला उचलून कणगीच्या मागं नेलंस. मी चार-पाच वर्षांचा. बाहेर आवाज चाललेले. तू माझ्या ओठावर बोट ठेवलंस आणि कानात गोष्ट सांगायला लागलीस, कोल्ह्याची की कसली. मला ती हसण्याची वाटली म्हणून मी हसलो. मग तू रोजच कणगीमागं मला हसवायला लागलीस. लोक विचारतात, बापू, ही कला तुम्हाला कुठून आली. मी म्हणतो, देवाची देणगी. कणगीचं नाव घेत नाही.

पुढं दीड वर्षानं महेशनं वर्षाला घराबाहेर काढलं. या वेळी न्हाणीत घसरल्याचं ती म्हणाली नाही. तुझ्यासोबत पोलिसात गेली, वकील गाठला. पण आरूला त्यानं ठेवून घेतलं. पोरगी माझी हाय म्हणाला. तो ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादम, हंगामात आज या कारखान्यावर तर उद्या त्या. तू मला रोज फोन करून एकच विचारायचीस, पोरीला कोण बघत असंल रे? मी म्हणायचो, बाप हाय की.

मग त्याच्या शेजारणीचा तुला फोन आला. दोन दिवस झाले जीप न्हाई, दाराला कुलूप हाय, आन आतून काहीतरी हलल्याचा आवाज येतोय.

आपण दोघं गेलो. दुपार होती, पत्र्याच्या दोन खोल्या तापून भट्टी झालेल्या. खिडकीला गज, आतून पुठ्ठा लावलेला. तू पुठ्ठा बोटानं सरकवलास. आत अंधार आणि घाणीचा वास. मग कोपऱ्यात आरू दिसली. ती रडत नव्हती. मला वाटलं होतं, आपल्याला बघून पळत येईल. ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि म्हणाली, पप्पांनी सांगितलंय, आवाज करायचा न्हाई.

तू बाटली गजातून आत सोडलीस. तिला जवळ यायला किती वेळ लागला. पाणी प्यायली, अर्धं ठेवलं. म्हणाली, उद्याला.

तू मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावलास, पोलिसांना लावलास. ते म्हणाले, येतो, कुलपाला हात लावू नका. आणि तू माझ्याकडं वळलीस. माझं सगळं ध्यान रस्त्याकडं होतं. जीप आली तर कुठल्या बोळात शिरायचं, ते मी येतानाच हेरून ठेवलं होतं. तू माझी बाही धरलीस आणि म्हणालीस, तुला एकच गोष्ट येती ना? मग ती सांग तिला. माणसं येईपर्यंत थांबू नको.

मी खिडकीला तोंड लावून बैलाची गोष्ट सुरू केली. दुसरी सुचलीच नाही. नेहमीच्या सवयीनं दादांची नक्कल जरा मोठ्यानं केली, असा बैल उभ्या जन्मात बघितला न्हाई. आरूनं ओठावर बोट ठेवलं. "बापूआबा, हळू सांगा."

अक्का, मी आजवर हजार वेळा ती गोष्ट सांगितली असंल. त्या दिवशी पहिल्यांदा कुजबुजत सांगितली, आणि कुजबुजताना मला कळलं की ही गोष्ट हसण्याची नाहीच.

माणसं आली, पंचांसमोर कुलूप तोडलं. तू आरूला मांडीवर घेतलंस, आणि पिशवीतून ती कुपोषण मोजायची दंडाची पट्टी काढलीस. हिरवा, पिवळा, लाल. तीस वर्षं गावातल्या सगळ्या लेकरांच्या दंडाला गुंडाळलेली. त्या दिवशी तू ती आरूच्या दंडाला लावलीस. मी टोक धरलं. बाण पिवळ्यात. लालच्या अगदी कडेला. तू मोठ्यानं वाचलंस आणि हेल्पलाइनच्या बाईंना लिहून घ्यायला लावलंस. म्हणालीस, हे अंगणवाडीच्या सेविकेचं माप हाय, आजीचं न्हाई.

त्यानंतरचे बरे दिवस मला आठवायला आवडतात, ते तुझ्यामुळंच बरे होते. आरू भाकरीचे तुकडे शिलाई मशीनच्या मागं डब्यात लपवायची. वर्षा रडायची, मी म्हणायचो रागवा तिला. तू म्हणालीस, खबरदार. दर शनिवारी ती शाळेत गेली की तू डबा काढायचीस, वाळलेलं काढून तिथंच ताजे शेंगदाणे-गूळ ठेवायचीस, आणि डबा होता तसा मशीनमागं. म्हणायचीस, तिला कळू द्यायचं न्हाई. पोटाला भरवसा आला की आपुनच बंद करंल.

आणि तो कपिलधारचा दिवस. तारीख लवकर आटोपली आणि तू हट्ट धरलास, पोरीला धबधबा दाखवायचा. आरूनं बराच वेळ वर बघितलं आणि विचारलं, हे पाणी कोण बंद करतं? तू म्हणालीस, ह्याला चावीच न्हाई. ती इतकी हसली. मी तिला हसवायला वर्षभर माकडचेष्टा केल्या होत्या, आणि तू एका वाक्यात. खरं सांगू, मला थोडा हेवा वाटला.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते.

कोर्टाच्या व्हरांड्यात, तू वर्षाला घेऊन पाणी प्यायला गेली होतीस तेव्हा, महेश माझ्याजवळ आला. वाकून पाया पडला. म्हणाला, मामा, लई दिवसांत तुमचा किस्सा ऐकला न्हाई. बैलाचा सांगा की. मी हसलो. अक्का, मी हसलो, माझी सवय. मग तो शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "तो कागद हाय बरं का माझ्याकडं. लॅमिनेशन करून ठेवलाय. तुमचं अक्षर खराब होऊ नये म्हणून."

पुढच्या आठवड्यात त्याची पांढरी जीप शाळेच्या फाटकापाशी थांबली. खाली उतरला नाही. काच खाली करून नमस्कार केला आणि म्हणाला, मामा, सांजच्याला लवकर निघत जा, घाटात गाड्या लई जोरात असतात.

बस. एवढंच. यात पोलिसांना सांगण्यासारखं काय आहे, सांग. काळजीच केली त्यानं. मी त्या दिवसापासून मोटारसायकल सोडून दिली. सुमनला सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तुला वकीलबाईंनी दोघांची शपथपत्रं करू म्हटलं, तर मी तुला सांगितलं, शाळेची तपासणी आहे, बीपी वाढलंय, साक्षीला एक माणूस बास होतंय. तू तेव्हा माझ्याकडं बघितलंस. आणि एकटी उभी राहिलीस.

शेवटचा फोन तुझा होता. तू म्हणालीस, पुढच्या तारखेला माझा उलटतपास हाय. एकटीचं कुणी धरंल न धरंल, तू बी उभं राहतोस का? मी म्हणालो, अक्का, मला पिंजऱ्यात उभं केलं तर जजसाहेब हसून हसून निकाल द्यायचा विसरतील, आणि म्हणतील, पुढच्या तारखेला अजून एक सांगा. तू हसलीस. खरंच हसलीस, मला ऐकू आलं. मग म्हणालीस,

"बापू, तू हसवलंस म्हंजी तुझं उत्तर न्हाई असतंय. लहानपनापासून. मीच लावली ती सवय."

मी म्हणालो, तसं न्हाई गं. तू म्हणालीस, असू दे, जेवलास का?

चौथ्या दिवशी सकाळी वर्षाचा फोन आला.

मी जेवलो होतो का नव्हतो, ते मी तुला सांगितलंच नाही, हेच मला सारखं टोचतंय. माणसाचं दुःखसुद्धा किती बावळट असतं बघ.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वर्षा दुकानात गेली, तिला सुट्टी मिळेना. मी तुझ्या घरीच थांबलो. मला डब्याची आठवण झाली. मशीनमागून काढला तर तो गच्च भरलेला. गेल्या दिवाळीपर्यंत तो एखाद्या तुकड्यावर आला होता, तू मला फोनवर आनंदानं सांगितलं होतंस. आता भाकरी, चपातीचे तुकडे, तेराव्याची बुंदीसुद्धा, कागदात बांधलेली. मी खाली बसलो, वाळलेलं सगळं काढलं आणि शेंगदाणे-गूळ शोधून भरायला लागलो. मागं वळून बघतो तर दारात आरू. शाळा लवकर सुटली होती.

मला चोरी पकडल्यासारखं झालं. ती म्हणाली, आजी थोडे कमी ठेवायची.

मी विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, पहिल्यापासून. आजीला सांगितलं न्हाई, आजीला वाईट वाटलं असतं.

सहा वर्षांची आहे, अक्का. तू तिला कळू देत नव्हतीस, आणि तिला कळलंय हे ती तुला कळू देत नव्हती. तुमच्या दोघींमधे मी पढतमूर्ख.

मग तिनं विचारलं, "बापूआबा, पप्पा मला न्यायला येणार हायेत का?"

माझ्या तोंडात एक गंमत तयार होती. आली होती अगदी जिभेवर. तिला हसवलं असतं आणि ती डबा घेऊन खेळायला गेली असती. मी ती गिळली. इतकी जड गेली म्हणून सांगू. म्हणालो, मला माहीत न्हाई, बाळा. पण तू जायचं न्हाई, हे सांगायला मी मंगळवारी जाणार हाय. मग तिनं डब्यातून एक शेंगदाणा काढून मला दिला आणि डबा मशीनमागं ठेवून दिला.

काल सुमनला सगळं सांगितलं. जीप, घाट, कागद. मला वाटलं, ती घाबरेल. ती म्हणाली, म्हणून तुमी चालत जायला लागलात व्हय, मला वाटलं खरंच तब्येतीची काळजी घ्यायलात. मग म्हणाली, वर्षाला आन पोरीला इकडं आणू. मी दिवसभर घरात असते, हे लिहा तुमच्या कागदात. अर्जातल्या त्या एका वाक्याला, लक्ष द्यायला कोणी नाही, याला उत्तर माझ्या घरातच बसलं होतं आणि मी आठवडाभर ते वकिलाकडं शोधत होतो.

वकीलबाईंना घाटातलंही सांगितलं. त्या म्हणाल्या, हे आधी का नाही सांगितलंत? त्यांनी तेही लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं, समोरचे वकील तो कागद तुमच्या हातात देतील. विचारतील, अक्षर कुणाचं? सही कुणाची? तेव्हा खोटं लिहिलंत की आज खोटं बोलताय? फिरवून फिरवून विचारतील. नोकरीचंही काढतील, माणूस सरकारी दाखले लिहितो म्हणून. तयारी आहे का? मी म्हणालो, न्हाई, पण येतो.

शपथपत्र टाइप होणार असलं तरी कच्चं मी हातानंच लिहिलं. 'मी त्या दिवशी मुलीचा सुजलेला हात पाहिला होता. पाहूनही कागदावर मारहाण नाही असे लिहिले. मला माझ्या बहिणीने हात बघ असे सांगितले होते. मी गोष्ट सांगत होतो.' अक्षर लई घाण आलंय, अक्का. वेलांट्या कुठल्या कुठं. मी ते तसंच ठेवलंय.

भीती गेली असं समजू नकोस. ती इथंच बसलीय, शेजारी, माझ्याबरोबर चहा पितेय. रस्त्यानं पांढरं काही गेलं की पेन थांबतं. मंगळवारी जज काय म्हणतील, ठाऊक नाही. एकदा त्यांनी आरूला एकटीला आत बोलावून विचारलं होतं, तेव्हा ती ओठावर बोट ठेवून बसून राहिली होती. आता ते बोट काढायचं काम माझ्याकडं आलंय, आणि मी तर आजन्म तेच बोट ओठावर ठेवून वरनं विनोद केले.

साडेदहाला पुकारा सुरू होतो. तू जिथं कुठं असशील तिथून कान दे. आपली ती जुनी खूण आहे ना, मी हसवलं म्हणजे न्हाई. तर मंगळवारी माझं नाव पुकारल्यावर त्या खोलीत शेवटपर्यंत कुणीच हसलं नाही, तर समज, बापू व्हय म्हणाला.

आणि हो. त्या दिवशी जेवलो नव्हतो.